'सुखरूप मुक्त केले' : खवले मांजराच्या बंदिस्त संगोपन व प्रजनन विचाराची चिकित्सा

प्रस्तावना

दि. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात मध्य रेल्वेच्या बदलापूर व वांगणी या स्थानकांदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, प्रशासन आणि आसपासचे ग्रामस्थ यांच्या प्रयत्नांनी हजारावर प्रवाशांची सुटका झाली. त्या दिवशी 'सुटका' या शब्दाच्या अर्थाविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. प्रवासी पाण्यातून बाहेर आले, त्यांची मोजदाद झाली आणि ते आपापल्या मार्गाला लागले. सुटकेचा आरंभ, मध्य आणि शेवट हे तिन्ही समाजाला दिसले.

हाच शब्द वन्यप्राण्याच्या संदर्भात वापरला जातो तेव्हा त्याचा शेवट मात्र दिसत नाही. खवले मांजराविषयीच्या बातम्यांत व निवेदनांत एक ठरावीक वाक्य आढळते : 'खवले मांजरास ताब्यात घेऊन वैद्यकीय तपासणीनंतर नैसर्गिक अधिवासात सुखरूप मुक्त करण्यात आले.' या वाक्यानंतर पूर्णविराम येतो. प्राणी पुढे जगला की नाही, त्याला वारूळ सापडले की नाही, तो पुन्हा पकडला गेला की नाही, याविषयी वाक्य मौन बाळगते. दुसऱ्या बाजूला, सुटका केलेल्या अशा प्राण्यांना बंदिवासात सांभाळून त्यांचे प्रजनन घडवून आणावे, म्हणजे जातीचे रक्षण होईल, असा विचार मांडला जातो. वरवर पाहता हे दोन उपाय परस्परविरोधी वाटतात. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच उणीव आहे, ती म्हणजे मुक्ततेनंतरच्या जगण्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

या उणिवेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी खवले मांजराविषयीची रूढ भाषा, बंदिस्त संगोपनावरील प्रकाशित संशोधन आणि कोकणातील लोकसहभागाचा प्रयोग या तीन गोष्टींचा परामर्श घेतला आहे. आणि शेवटी वांगणीसारख्या, जंगल व महानगर यांच्या सीमेवरील गावाच्या दृष्टीने त्यांचे मूल्यमापन केले आहे.

संज्ञांची चिकित्सा

प्रथम नावाचा विचार करणे आवश्यक आहे. 'खवले मांजर' या जोडनावातील पहिले पद यथार्थ आहे, दुसरे दिशाभूल करणारे आहे. हा प्राणी मांजराच्या कुळातील नाही. फोलिडोटा नावाच्या स्वतंत्र गणात त्याचा समावेश होतो. या गणातील सर्वमान्य जाती आठ. त्यांपैकी चार आशियात व चार आफ्रिकेत आढळतात. भारतात भारतीय व चिनी अशा दोन जाती असून महाराष्ट्रात आढळतो तो भारतीय खवले मांजर. त्याच्या शास्त्रीय नावातील 'क्रासिकॉडाटा' या पदाचा अर्थ जाड शेपटीचा असा आहे. इंग्रजी नाव मलाय भाषेतील 'वेटोळे करणारा' या अर्थाच्या शब्दावरून आले, तर ओडिया भाषेत त्याला 'बज्रकाप्ता' म्हणतात. कोणी त्याची वेटोळे करण्याची क्रिया पाहिली, कोणी त्याचे वज्रासारखे कवच. मराठीने त्याला मांजर मानले. नाव बदलण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. मात्र नावामुळे त्याच्यापुढे दुधाची वाटी ठेवण्याची चूक होऊ शकते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरी संज्ञा 'मुद्देमाल'. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये भारतीय खवले मांजराचा समावेश आहे. त्याची शिकार व व्यापार यांसाठी तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. अवैध व्यापारातून जप्त केलेला प्राणी हा कायद्याने शासनाची मालमत्ता ठरतो आणि खटल्यातील पुरावाही ठरतो. खवल्यांचे पोते मुद्देमाल म्हणून वर्षानुवर्षे सांभाळता येते. जिवंत प्राण्याच्या बाबतीत मात्र प्रत्येक तास मोलाचा असतो. कायद्याची गती आणि प्राण्याच्या शरीराची गती यांतील ही विसंगती सुटकेच्या पहिल्याच दिवशी निर्माण होते.

तिसरी संज्ञा 'नैसर्गिक अधिवास'. पकडलेला प्राणी मूळचा कोठला, हे पुष्कळदा सांगता येत नाही. तस्करीच्या साखळीत तो एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात आलेला असतो. अशा वेळी जवळचे जंगल म्हणजे त्याचा अधिवास, असे गृहीत धरले जाते. एकांतात राहणाऱ्या, बिळांच्या व वारुळांच्या परिचयावर जगणाऱ्या प्राण्याला अपरिचित डोंगरावर सोडणे म्हणजे त्याला घरी पाठवणे नव्हे. प्रवाशाची सुटका आणि खवले मांजराची सुटका यांतील मूलभूत भेद येथे आहे. प्रवाशाला आपला पत्ता सांगता येतो.

'ट्रॅफिक' या संस्थेच्या टिपणानुसार २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत भारतात ३४२ जप्तींमधून किमान १,२०३ खवले मांजरे अवैध व्यापारात आढळली. त्यांपैकी महाराष्ट्रातील घटना ४७ व प्राणी १३५ असून ओडिशाखालोखाल हा क्रमांक लागतो. सुमारे निम्म्या जप्तींत जिवंत प्राणी हाती आले व त्यांची संख्या १९९ होती. हे टिपण व्यापाराचे स्वरूप सांगण्यासाठी तयार केलेले असल्याने या १९९ प्राण्यांचे पुढे काय झाले, हा त्याचा विषय नव्हता. तथापि संवर्धनाच्या दृष्टीने खरा प्रश्न या आकड्यानंतरच सुरू होतो. जप्तीची नोंद होते, आरोपींची नोंद होते, किमतीचीही नोंद होते. जगण्याची नोंद मात्र कोणत्याही रकान्यात नसते.

बंदिवासाच्या जीवशास्त्रीय मर्यादा

खवले मांजर बंदिवासात का टिकत नाही, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या शरीररचनेत आहे. त्याला दात नाहीत. त्याच्या लांब जिभेचे मूळ छातीच्या हाडाच्या शेवटापर्यंत मागे गेलेले असते. भक्ष्य दळण्याचे काम जठरातील कठीण अस्तर व त्याबरोबर पोटात गेलेली माती-खडे करतात. आहार जवळजवळ केवळ मुंग्या व वाळवी यांचा. त्याच्या शरीराचे तापमान इतर सस्तन प्राण्यांच्या मानाने कमी असते व चयापचय मंद असतो. त्यामुळे थंडी, दमट हवा व भीती या तिन्हींचा परिणाम त्याच्यावर लवकर होतो. संकटसमयी पळून जाण्याऐवजी वेटोळे करून स्थिर राहणे हे त्याचे संरक्षण. वाघ-बिबट्यापुढे ते उपयोगी पडते. माणसापुढे तेच घातक ठरते, कारण वेटोळे केलेला प्राणी पोत्यात भरणे सोपे असते.

व्यापारातून सुटलेल्या प्राण्यांमध्ये निर्जलीकरण, जठरातील व्रण, न्यूमोनिया, सापळ्याने झालेल्या जखमा अशा विकृती वारंवार आढळल्या आहेत. आग्नेय आशियातील व्यापारात वजन वाढवण्यासाठी प्राण्याच्या पोटात बळजबरीने पिठाची लापशी भरली जाते, असेही दिसून आले आहे. बाहेरून धडधाकट दिसणारा प्राणी आतून खचलेला असू शकतो. म्हणूनच पकडल्यानंतर काही तासांत 'तपासणी करून' त्याला सोडून देणे, हे दिसायला दयेचे असले तरी शास्त्राला धरून नाही. त्याला काही काळ सांभाळावे लागते. सांभाळायचे म्हटले की बंदिवास आला आणि बंदिवास आला की आहाराचा प्रश्न आला.

यांग व सहकारी यांनी 'झू बायॉलॉजी' या नियतकालिकात २००७ मध्ये खवले मांजरांच्या बंदिस्त संगोपनाचा इतिहास मांडला. दीडशेहून अधिक वर्षांच्या या इतिहासात अपयशाचे मुख्य कारण आहार हेच दिसते. प्राणिसंग्रहालयांत आणलेली बहुतेक खवले मांजरे अल्पकाळात दगावली. तैपेईच्या प्राणिसंग्रहालयाने नर मधमाश्यांच्या अळ्या, पिठातील अळ्या, अंड्याचा बलक, सफरचंद इत्यादींचे मिश्रण दीर्घ प्रयोगाने बसवले, तेव्हा कोठे प्राणी वर्षानुवर्षे जगू लागले. हुआ व सहकारी यांनी २०१५ मध्ये 'झूकीज'मध्ये घेतलेल्या आढाव्यात आहार, रोग व प्रजनन या तिन्ही आघाड्यांवरील अडचणी एकत्र मांडल्या आहेत. या दोन्ही लेखांचा मोठा गुण असा की त्यांनी मृत्यूंची नोंद लपवलेली नाही. 'सुखरूप' या शब्दाची सवय झालेल्या वाचकाला हा प्रांजळपणा अस्वस्थ करतो आणि तसा तो करावयासच हवा.

नंदनकाननचा प्रयोग : उपलब्धी व मर्यादा

भारतात या विषयातील सर्वांत महत्त्वाचे कार्य भुवनेश्वरजवळील नंदनकानन प्राणिउद्यानात झाले आहे. तेथे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या साहाय्याने २००९ मध्ये खवले मांजर संवर्धन प्रजनन केंद्र सुरू झाले. प्रेक्षकांच्या नजरेआड ठेवलेल्या कक्षांत, कॅमेऱ्यांच्या साहाय्याने, निशाचर प्राण्याचे रात्रभराचे वर्तन नोंदवण्यात आले. राजेशकुमार महापात्र व सुदर्शन पंडा यांनी २०१४ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखांतून संगोपन, वर्तन व प्रजनन यांविषयी भारतीय जातीची पहिली पद्धतशीर माहिती उपलब्ध झाली.

या कार्याची सर्वांत ठळक उपलब्धी गर्भधारणेच्या कालावधीविषयी आहे. जुन्या ग्रंथांत हा काळ दोन-सव्वादोन महिन्यांचा दिला जात असे. नंदनकाननमधील निरीक्षणांवरून तो सुमारे साडेपाच ते सव्वाआठ महिन्यांचा असल्याचे पुढे आले. ही दुरुस्ती किरकोळ नाही. एका वेळी बहुधा एकच पिल्लू, त्यासाठी एवढा दीर्घ काळ आणि त्यानंतर शेपटीवर बसवून पिल्लाला वागवणारी माता, असे चित्र समोर आले की एक मादी मारली जाणे म्हणजे काय, याचे आकलन पूर्णपणे बदलते. बंदिस्त संगोपनाशिवाय हे ज्ञान मिळणे कठीण होते. या अर्थाने नंदनकाननचे ऋण मान्य करावेच लागेल.

परंतु याच लेखांचे सूक्ष्म वाचन केल्यास दुसरी बाजूही दिसते. बंदिस्त प्राणी आपल्या सक्रिय वेळेचा मोठा भाग कक्षात चालण्यात घालवतात. त्याच त्या मार्गाने येरझारा घालणे व पंजांनी खरवडत राहणे, असे पुनरावृत्त वर्तनही नोंदवले गेले आहे. जो प्राणी रात्रभर जमीन हुंगत, उकरत, बिळे बदलत हिंडतो, त्याच्या दृष्टीने आयते अन्न असलेला कक्ष अपुराच असणार. लेखकांनी हे प्रामाणिकपणे नमूद केले आहे. मात्र 'संवर्धन प्रजनन' या संज्ञेत दोन पदे आहेत, हे येथे लक्षात घ्यावे लागते. प्रजनन कक्षात घडते. संवर्धन कक्षाबाहेर घडावे लागते. पिल्लू जन्मास आले म्हणजे पहिले पद सिद्ध झाले. दुसरे पद तेव्हाच सिद्ध होईल, जेव्हा त्या पिल्लाचे वंशज एखाद्या डोंगरावर स्वतःची वारुळे शोधून जगतील.

परदेशांतील अनुभव याच दिशेने बोट दाखवतो. प्राग येथील प्राणिसंग्रहालयात दि. २ फेब्रुवारी २०२३ रोजी चिनी खवले मांजराचे पिल्लू जन्मले. तैपेईहून आणलेल्या जोडीचे हे पिल्लू म्हणजे युरोपातील बंदिवासात जन्मलेले पहिले खवले मांजर होय. आईचे दूध अपुरे पडल्याने त्याला मांजरीचे दूध देऊन वाचवण्यात आले. एका पिल्लासाठी दोन खंडांतील संस्थांचे अनेक वर्षांचे ज्ञान व साधने पणाला लागली. उलटपक्षी, २०१६ मध्ये अमेरिकेतील काही प्राणिसंग्रहालयांनी टोगो या देशातून चाळीसहून अधिक पांढऱ्या पोटाची खवले मांजरे आणली; त्यांतील अनेक पुढील काही वर्षांत दगावली व या आयातीवर संवर्धनक्षेत्रातून कठोर टीका झाली. साधनसंपन्न संस्थांची ही स्थिती असेल, तर जिल्ह्याजिल्ह्यांत प्रजनन केंद्रे उघडण्याची कल्पना किती व्यवहार्य ठरेल, याचा विचार व्हावयास हवा.

प्रजननाचा उपाय केव्हा लागू पडतो?

बंदिस्त प्रजननाच्या समर्थनार्थ इतर जातींचे दाखले दिले जातात. त्यांपैकी दोन दाखले तपासून पाहणे उद्बोधक ठरेल. पहिला गिधाडांचा. हरियाणातील पिंजोर येथे २००१ पासून सुरू झालेल्या केंद्राला अर्थ प्राप्त झाला तो गिधाडांच्या मृत्यूचे कारण निश्चित सापडल्यामुळे. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यामागे असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले व २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरास बंदी आली. कारण दूर करण्याचा मार्ग दिसत असताना बंदिस्त संख्या राखून ठेवणे तर्कसंगत होते.

दुसरा दाखला खुद्द नंदनकाननचाच आहे. सुसरीचे बंदिवासातील पहिले यशस्वी प्रजनन तेथे १९८० मध्ये झाले. १९७५ मध्ये आरंभलेल्या मगर प्रकल्पांतर्गत हजारो पिल्ले नद्यांत सोडण्यात आली. तरीही २००७ मध्ये सुसरीची नोंद अतिसंकटग्रस्त वर्गात करावी लागली. धरणे, वाळूउपसा व मासेमारीची जाळी हे मूळ प्रश्न कायम राहिल्याने सोडलेल्या पिल्लांच्या मानाने प्रौढांची संख्या वाढली नाही. एका विणीत तीस-चाळीस अंडी घालणाऱ्या प्राण्याची ही कथा. एकेक पिल्लू देणाऱ्या खवले मांजराची याहून अवघड असणार.

या दोन दाखल्यांवरून एक कसोटी मांडता येते. ऱ्हासाचे कारण नियंत्रणात येत असेल आणि सोडलेला प्राणी जगतो याचा पुरावा असेल, तरच बंदिस्त प्रजनन संवर्धनाचे साधन ठरते. खवले मांजराच्या बाबतीत पहिली अट अपुरी आहे. २०१६ मध्ये जोहान्सबर्ग येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सर्व आठ जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला व तो जानेवारी २०१७ पासून अमलात आला. २०२० मध्ये चीनने आपल्या अधिकृत औषधिसूचीतून खवल्यांची स्वतंत्र नोंद वगळली. या गोष्टी स्वागतार्ह असल्या तरी त्यानंतरही जप्ती थांबलेल्या नाहीत, हे वर दिलेले आकडे सांगतात. आपल्याकडे तर 'पैशांचा पाऊस' पाडण्याच्या अंधश्रद्धेतूनही या प्राण्याचे सौदे केले जातात.

याच संदर्भात व्यापारी पैदाशीचा युक्तिवादही निकालात काढणे आवश्यक आहे. चॅलेंडर व सहकारी यांनी २०१९ मध्ये या कल्पनेची व्यवहार्यता तपासली आणि पाळीव पैदाशीमुळे वन्य प्राण्यांची शिकार कमी होण्याची नजीकच्या काळात शक्यता नाही, असा निष्कर्ष काढला. रानातून फुकट मिळणारा प्राणी पोसून वाढवलेल्या प्राण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडणार, हे बाजाराचे साधे गणित त्यामागे आहे.

दुसरी अट मात्र आपल्या हातात आहे. सोडलेला प्राणी जगतो का, हे पाहता येते. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाल्यानुसार मध्य प्रदेश वनविभाग व वाइल्डलाइफ कन्झर्वेशन ट्रस्ट यांनी व्यापारातून सुटलेल्या दोन भारतीय खवले मांजरांचे पुनर्वसन करून त्यांना रेडिओ-टॅग बसवून सोडले व त्यांचा माग ठेवला. खवले नखासारखेच केराटिनचे असल्याने त्यावर यंत्र बसवता येते. दक्षिण आफ्रिकेत तर जखमी प्राण्याला रोज मोकळ्या रानात हिंडवून स्वतःच्या मुंग्या स्वतः शोधू दिल्या जातात व नंतर टप्प्याटप्प्याने यंत्रासह सोडले जाते. क्वाझुलू-नाताल प्रांतात, जेथून ही जात नाहीशी झाली होती, तेथे २०१९ पासून अशाच सुटका झालेल्या प्राण्यांतून तिची पुनःस्थापना हाती घेण्यात आली. झिम्बाब्वेतील टिकी हायवूड फाउंडेशनचे काळजीवाहकही एकेका प्राण्याबरोबर दिवसाचे अनेक तास चालतात. व्हिएतनाममधील कुक फुआंग येथे गोठवलेल्या मुंग्यांवर प्राणी सांभाळून त्यांना पुन्हा जंगलात सोडण्याचे काम चालते. त्याचे प्रवर्तक न्गुएन वान थाई यांना २०२१ मध्ये गोल्डमन पारितोषिक मिळाले. या सर्व प्रयोगांत बंदिवास हा साध्य नसून उपचाराचा कालखंड आहे.

कोकणातील प्रयोग

महाराष्ट्रात या प्राण्याविषयी सातत्याने काम झाले ते रत्नागिरी जिल्ह्यात. भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावोगावी माहिती संकलन, कॅमेरा-सापळ्यांद्वारे नोंदी व ग्रामस्थांशी संवाद असा मार्ग अवलंबला. वेळास येथे कासव संवर्धनात गावाला सहभागी करून घेण्याचा अनुभव या संस्थेच्या गाठीशी होता. २०२० च्या जागतिक खवले मांजर दिनी चिपळूण तालुक्यातील डुगवे येथे 'खवलोत्सव' साजरा झाला. खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून ग्रामस्थांनी या प्राण्याला देवाचे संरक्षण दिले.

या प्रयोगाचे मूल्यमापन भावनेच्या पलीकडे जाऊन करावे लागेल. त्याचे बलस्थान असे की तो सुटकेची गरजच कमी करतो. जो प्राणी पकडला जात नाही, त्याला पिंजरा लागत नाही, लापशी लागत नाही आणि न्यायालयाचा आदेशही लागत नाही. कोकणी माणसाच्या जीवनात पालखीला जे स्थान आहे, त्याचा आधार घेतल्याने हा विचार परका राहिला नाही. मर्यादा अशी की हे बळ स्थिर, एकजिनसी गावाचे आहे. जेथे गावदेवी ठाऊक असलेल्या घरांपेक्षा नव्याने आलेली घरे अधिक झाली आहेत, तेथे केवळ पालखीवर विसंबता येणार नाही.

वांगणीच्या संदर्भात

वांगणी नेमके असे गाव आहे. अंबरनाथ तालुक्यातील हे गाव एका अंगाने उल्हास नदीच्या खोऱ्यात, तर दुसऱ्या अंगाने माथेरानच्या डोंगररांगेच्या सान्निध्यात वसले आहे. माथेरान परिसर २००३ मध्ये पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. परंतु डोंगराच्या पायथ्याशी भातखाचरांची जागा गृहसंकुले, शेतघरे व प्लॉटिंग घेत आहेत. डोंगराकडच्या ठाकर-कातकरी वाड्या आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या शहरांकडे रोज लोकलने जाणारा नोकरदार वर्ग एकाच स्थानकावर एकत्र येतात. अशा ठिकाणी पायाच्या खोदकामात, कुंपणाच्या कडेला किंवा रस्त्यावर एखादे खवले मांजर आढळले, तर त्याचे पहिले दर्शन घेणारा माणूस त्याचे भवितव्य ठरवतो.

त्या माणसाला काय ठाऊक असावे, हा प्रश्न प्रजनन केंद्राच्या प्रश्नाहून अधिक निकडीचा आहे. प्राण्याला उलगडण्याचा प्रयत्न करू नये. दूध, भात वा फळे देऊ नयेत. गर्दी जमवून छायाचित्रे काढू नयेत. अंधाऱ्या, हवेशीर व मजबूत पेटीत माती घालून त्याला शांत ठेवावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, इतक्या गोष्टी पुरेशा आहेत. त्यात एक सूक्ष्म भेदही शिकवावा लागेल. शेताच्या बांधावरून रात्री जाणारा निरोगी प्राणी 'सापडलेला' नसतो. तो स्वतःच्या घरात असतो. त्याला उचलून दूरच्या जंगलात नेणे ही सुटका नसून विस्थापन आहे. व्यापारातून आलेला किंवा जखमी प्राणी मात्र उपचाराविना सोडता कामा नये.

दुसरी बाब स्थानिक ज्ञानाची आहे. उपचाराच्या काळात प्राण्याला हिंडवून खाऊ घालण्याची आफ्रिकी पद्धत येथे आणायची, तर कोणत्या उतारावर जिवंत वारुळे आहेत, कोणत्या झाडांवर तांबड्या मुंग्या पाने शिवून घरटी करतात, पावसाळ्यात त्या कोठे असतात, हे ठाऊक असणारी माणसे लागतील. वाड्यांवरील लोकांकडे रानाचा हा परिचय आहे. वन्यजीवविषयक चर्चेत आदिवासींचा उल्लेख बहुधा संशयित म्हणून होतो. त्यांना मानधनावर काळजीवाहक म्हणून सामावून घेतल्यास शास्त्राला हवे असलेले ज्ञानही मिळेल आणि सौद्याच्या आमिषाला पर्यायही उभा राहील.

तिसरी बाब महाविद्यालयांची. प्राणिशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र व मराठी या विभागांना येथे एकत्र काम करता येण्यासारखे आहे. वारुळांचे नकाशे, ग्रामस्थांच्या आठवणींचे संकलन, वृत्तपत्रीय नोंदींचा पाठपुरावा ही कामे पदवीच्या विद्यार्थ्यांनाही वनविभागाच्या परवानगीने व मार्गदर्शनाखाली करता येतील. 'मुक्त करण्यात आले' अशी बातमी वाचल्यावर तीन महिन्यांनी 'पुढे काय झाले?' एवढा प्रश्न लेखी विचारणे, हेही संशोधनच होय.

आक्षेपांचा विचार

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की जंगलातील संख्या ढासळत असताना बंदिस्त संख्या विम्यासारखी हाताशी असावी. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. सापळ्यात पाय गमावलेले, पुन्हा मुक्त करता न येणारे प्राणी असतातच. त्यांना आयुष्यभराचा निवारा हवा आणि त्यांच्यापासून प्रजननाचे ज्ञान मिळत असेल तर ते घ्यावे. मात्र हे काम नंदनकाननसारख्या अनुभवी केंद्राचे आहे. जगू शकणाऱ्या प्राण्याला केवळ केंद्र भरावे म्हणून अडकवणे हे या युक्तिवादात बसत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. एका प्राण्याला यंत्र बसवून महिनोन्महिने माग काढणे खर्चिक आहे, हे खरे. परंतु प्रजनन केंद्राची इमारत, तेथील आहार व मनुष्यबळ यांचा खर्च त्याहून कमी नसतो. शिवाय माग ठेवलेले पाच प्राणी जे शिकवतील, ते माग न ठेवता सोडलेले पन्नास प्राणी शिकवणार नाहीत. मरण पावलेला टॅगधारी प्राणीही कोठे व कशाने मेला, हे सांगून जातो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. बंदिस्त संगोपनाने खवले मांजराविषयीचे ज्ञान वाढवले. विशेषतः भारतीय जातीच्या प्रजननाविषयी नंदनकाननचे कार्य मोलाचे आहे. तथापि ऱ्हासाचे कारण कायम असताना व मुक्ततेनंतरच्या जगण्याचा पुरावा तुटपुंजा असताना प्रजननाला संवर्धनाचा मुख्य मार्ग मानता येत नाही. महाराष्ट्राची प्राथमिकता सुटकेनंतरची शास्त्रशुद्ध शुश्रूषा, टप्प्याटप्प्याने मुक्तता व मागोवा ही असावी, आणि त्याच्या जोडीला प्राणी पकडलाच जाऊ नये यासाठी रत्नागिरीसारखा लोकसहभाग असावा. वांगणीसारख्या सीमावर्ती गावांत या लोकसहभागाला पालखीबरोबरच शाळा, महाविद्यालय, वाडी व गृहसंकुल यांचा आधार द्यावा लागेल.

२०१९ च्या त्या पुरात शेवटचा प्रवासी सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत सुटका पूर्ण झाल्याचे कोणी जाहीर केले नाही. वेटोळे करून पेटीत पडलेल्या मूक प्राण्याच्या बाबतीतही हाच नियम लागू व्हावा. त्याची सुटका पेटीचे दार उघडल्यावर संपत नाही. 'सुखरूप' हा शब्द मुक्ततेच्या दिवशी लिहिण्याचा नसून, मागोवा घेऊन काही महिन्यांनी लिहिण्याचा आहे.